शरणपूरचा जेकब वेनराईट: तरुण संघाला त्याची गोष्ट कशी सांगू?

शरणपूरकर:
पुढच्या रविवारी उपासनेनंतर आमच्या तरुण संघासमोर बोलायचंय. आमच्या मुलांना नाशिकचा शरणपूर रोड म्हणजे दुकानं आणि ट्रॅफिक. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथं मिशनमध्ये राहिली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, हे त्यांच्या कानावरही नाही. जेकब त्यांतलाच, मूळचा पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा. पुढं तो लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत लिव्हिंग्स्टनच्या अंत्ययात्रेत तो शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. पण ‘विश्वासानं त्याचं आयुष्य बदललं’ एवढंच म्हटलं, तर मुलं माना डोलावून घरी जातील. नेमका कुठला प्रसंग सांगू?

जुनी_वही:
लंडन शेवटी ठेवा. सुरुवात चितांबोच्या गावापासून करा, आजच्या झांबियात. १ मे १८७३ च्या पहाटे लिव्हिंग्स्टन खाटेशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. सोबतच्या माणसांनी त्याचं हृदय झाडाखाली पुरलं आणि जेकबला त्याचं प्रार्थनापुस्तक आणायला सांगितलं. दफनविधी त्यानं वाचला. कोणी पाळक नाही, गोरा माणूस तर आसपासही नाही. मग त्याच झाडाच्या खोडावर त्यानं लिव्हिंग्स्टनचं नाव आणि तारीख कोरली.

शव मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवलं, कापडात आणि झाडाच्या सालीत बांधलं आणि किनाऱ्याकडे निघाले. वाटेत उन्यान्येंबेला, आजच्या टांझानियात, कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. इथंच पुरून टाका, म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. पुढं वाटेतल्या लोकांनी प्रेत नेऊ दिलं नसतं, म्हणून धान्याच्या ताटांची खोटी मोळी शवासारखी बांधून मागं पाठवली, आणि खरं शव कापडाच्या गठ्ठ्यासारखं करून नेलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये किनाऱ्यावरचं बागामोयो गाठलं. मी तर ही मोळी मुलांसमोर बांधूनच दाखवली असती.

शोधक_७:
थोडं स्पष्ट विचारतो, राग मानू नका. पोरक्या मुलाला मिशननं नवं नाव, नवा धर्म दिला. त्याला निवड कुठं होती? बदल शिक्षणानं झाला की विश्वासानं?

शरणपूरकर:
राग कसला, हा प्रश्न मलाही छळतो. नाशिकला आला तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं, हे खरंच. पण शिक्षणानं वाचता येतं एवढंच. त्या झाडाखाली उभं राहून आपल्या माणसांसाठी ती प्रार्थना म्हणायचं बळ मला शिक्षणाचं वाटत नाही. त्यानं रोजनिशीही लिहिली, ती स्कॉटलंडमध्ये ब्लँटायरच्या संग्रहालयात आहे. त्या मृत्यूबद्दल आफ्रिकी माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं दुसरं काही सापडलेलं नाही.

मोंबासावाला:
मी नोकरीनिमित्त केनियात, मोंबासात असतो. इथं नाशिकहून परत आलेल्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणायचे. १८७४ नंतर इथं सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाऊन वसलं. हा फ्रीअर म्हणजे आपल्या मुंबईचाच माजी गव्हर्नर. तिथली घंटा अजून चौकात उभी आहे, त्या भागाला केंगेलेनीच म्हणतात (केंगेले म्हणजे घंटा). विल्यम जोन्सबद्दलही सांगा. तोही नाशिकचाच. पुढं मोंबासाजवळच्या राबईच्या मिशनमध्ये मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना त्यानं आसरा दिला. स्वतः सुटलेला माणूस दार उघडं ठेवतो.

एक दुरुस्ती मात्र, पुढं गोष्टीत येईल म्हणून: लिव्हिंग्स्टनचा दुसरा आफ्रिकी सोबती चुमा नाशिकचा नव्हता. तो मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकला आणि १८६५ साली तिथंच त्याचा बाप्तिस्मा झाला. लोक नेहमी घोटाळा करतात.

शरणपूरकर:
चुमाचं मी चुकीचं लिहून ठेवलं होतं, बरं झालं. मोळी बांधायचं ठरलं. बोरूची ताटं आणि जुनी चादर आणलीये, सुतळी चर्चमध्ये आहेच. दफनविधी मराठी प्रार्थनापुस्तकातून एका सतरा वर्षांच्या मुलाकडून वाचून घेणार आहे. काल त्यानं तालीम केली, तर दुसऱ्याच ओळीला आवाज बसला. म्हटलं, थांब, पाणी पी, मग वाच.