मदत हवी आहे: पहिलाच कस्टम वॉटर लूप, जुना एआयओचा रेडिएटर जोडला तर चालेल का?

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबलीये, आधीच सांगतो, पण अर्धवट माहिती टाकून मग प्रतिसादात ‘केस कुठली, कार्ड कुठलं’ होण्यापेक्षा एकदाच सगळं ओकतो.

कॉम्प्युटर असा आहे: रायझन ७ ५८००एक्स सीपीयू, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड, ८५० वॉटचा पॉवर सप्लाय, मिड टॉवर केस. सीपीयूवर २४० मिमीचा रेडीमेड एआयओ (पंप, रेडिएटर, पाणी सगळं सीलबंद येतं तो वॉटर कूलर) आहे, तीन वर्षं गुमान चालला आणि मागच्या महिन्यापासून कुरकुरायला लागला. आधी वाटलं हार्ड डिस्क चाललीये, बॅकअप वगैरे घेऊन मोकळा झालो, मग साइड पॅनल काढून कान लावला तर खरखर पंपातून. कार्डाचं तर विचारूच नका, गेम सुरू झाला की तिन्ही पंखे असे सुटतात की हेडफोन लावूनही मागे घरघर ऐकू येते. म्हणून ठरवलं की सीपीयू आणि कार्ड दोन्ही एकाच कस्टम लूपमध्ये (सुटे भाग स्वतः जोडून केलेलं पाण्याचं चक्र) घ्यायचं. हौस आहे हे मान्य, पण खरं कारण आवाज.

प्लॅन असा की केसच्या टॉपला ३६० मिमीचा, ३० मिमी जाडीचा कॉपर रेडिएटर, फ्रंटला २४०, डी५ पंप आणि रेझरव्हॉयर (पाण्याची छोटी टाकी) एकत्र येतं ते कॉम्बो, सॉफ्ट ट्यूब. हार्ड ट्यूब दिसते भारी पण हीट गन घेऊन पाइप वाकवायचा पेशन्स माझ्यात नाही, पहिल्याच लूपला तर नाहीच नाही.

आता अडलंय कुठे ते सांगतो. केसच्या माहितीपत्रकात ‘टॉपला ३६० बसतो’ असं छापलंय. मी म्हटलं ऑर्डर करण्याआधी खात्री करू, म्हणून पुठ्ठ्याचा रेडिएटर बनवला (बायको म्हणाली शाळेचा प्रोजेक्ट चाललाय का). लांबी दोन्ही बाजूच्या टाक्यांसकट ४०० मिमी धरली, जाडी ३० आणि खाली पंख्याचे २५, म्हणजे एकूण ५५. लांबीत बसला, पण खाली रॅमच्या डोक्यावर जाऊन टेकला. रॅम ती लाइटवाली, उंच. नुसती टेकली नाही तर पुठ्ठा चांगला बोटभर वर उचलला गेला. म्हणजे ‘३६० बसतो’ हे खरं, फक्त रॅम न लावता!

दुसरं म्हणजे फ्रंटच्या २४० साठी नवा रेडिएटर घेण्याऐवजी जुन्या एआयओचाच कापून वापरला तर? पंप मेला तरी रेडिएटर ठणठणीत आहे. तो अ‍ॅल्युमिनियमचा आहे एवढं माहितीये.

तिसरं, क्रम. पंपातून आधी सीपीयू, मग रेडिएटर, मग कार्ड, मग दुसरा रेडिएटर असं करावं म्हणजे कार्डाला गार पाणी जाईल, की सरळ जसं जवळ पडेल तसं? यावर जेवढे व्हिडिओ बघितले तेवढी मतं.

आणि पाणी कुठलं घालू? दुधाळ पांढरं कूलंट बघून जीव खालीवर होतोय, काळ्या केसमध्ये काय दिसेल! जाणकारांनी सांगा, पार्ट्स अजून मागवलेले नाहीत त्यामुळे शिव्या घातल्या तरी चालतील.

प्रतिसाद १

शिव्या फक्त एकाच गोष्टीला: तो अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर लूपमध्ये अजिबात घालू नका. कॉपर, पितळ, निकेल एका पाण्यात चालतात, त्यांच्यासोबत अ‍ॅल्युमिनियम आलं की पाण्यातूनच बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. तो गाळ कुठे जाऊन बसतो? ब्लॉकच्या (चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात देणारा धातूचा भाग) आतल्या बारीक पात्यांमध्ये. मग टेम्परेचर दर महिन्याला थोडं थोडं चढतं आणि माणूस थर्मल पेस्ट बदलत बसतो.

तुम्ही म्हणाल एआयओमध्ये तरी कॉपरची प्लेट आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर असतोच की. असतो, पण तिथे फॅक्टरीतून गंजविरोधी द्रव भरून सील केलेलं असतं. ते कापून उघडलंत की विषय संपला.

नवे रेडिएटर आणले की आधी धुवा. आत सोल्डरिंगचा फ्लक्स आणि बारीक कण राहिलेले असतात. गरम डिस्टिल्ड वॉटर अर्धं भरायचं, दोन्ही तोंडं बंद करायची आणि खळाखळा हलवायचं, पाणी पांढऱ्या भांड्यात ओतून बघायचं. माझ्या पहिल्या पाण्यात काळे ठिपके आणि पत्र्याचा एक कुरळा कीस निघाला होता, पाचव्या वेळेला स्वच्छ आलं.

प्रतिसाद २

क्रमावर एवढा जीव काढू नकोस भावा. साधं गणित बघ. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल तर ७० वॉट उष्णतेला ते साधारण १ अंशाने तापतं. डी५ वर ४ लिटर आरामात मिळतात, म्हणजे २८० वॉटला १ अंश. तुझं कार्ड ३२० वॉटचं, ५८००एक्स फुल लोडला १४२ वॉट खातो, सगळे मिळून ४६२. म्हणजे अख्ख्या लूपमधलं सगळ्यात गार पाणी आणि सगळ्यात गरम पाणी यात दोन अंशांचाही फरक नाही. ट्यूब जिथून सोपी जाईल तिथून ने. फक्त दोन गोष्टी पाळ: रेझरव्हॉयर पंपाच्या आधी आणि वर, कारण पंप कोरडा चालला की गेलाच, आणि सीपीयू ब्लॉकचं इन आणि आउट उलटं करू नकोस.

एक कडू गोष्ट पण ऐकून घे. ५८००एक्स वॉटर लावलं तरी फार थंड होणार नाही. आठही कोर नखाएवढ्या एका तुकड्यात आहेत, तिथून उष्णता वर यायलाच अडते, पाणी बिचारं तयारच असतं. बायोसमध्ये ‘६५ वॉट’ नावाचा इको मोड लाव, वीज खाण्याची प्रत्यक्ष मर्यादा १४२ वरून ८८ वॉटवर येते आणि गेमिंगमध्ये फारसा फरक कळत नाही. खरी मजा कार्डाला येते, तिथे टेम्परेचर धाडकन खाली.

रॅमसाठी: टॉपला २७ मिमीचा स्लिम रेडिएटर आणि १५ मिमीचे स्लिम पंखे घेतलेस तर ५५ चे ४२ होतात, १३ मिमी सुटले. किंवा साधी बुटकी रॅम घे. किंवा जाड माल सगळा फ्रंटला हलव, कार्डाला ब्लॉक लागला की ते बऱ्याचदा लांबीला कमी होतं, पुढे जागा निघते.

आवाजासाठी सांगतो, पंखे सीपीयूच्या टेम्परेचरवर लावू नकोस, ते सेकंदात वरखाली उड्या मारतं आणि पंखे सोबत. लूपमध्ये पाण्याचा सेन्सर टाक, मदरबोर्डवर दोन पिनचं हेडर असेल तर थेट लागतो. पाणी सावकाश तापतं, पंखे सावकाश चढतात, कानाला कळतही नाही.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांना +१. दुधाळ कूलंट दिसायला झकास, पण त्यातले कण खाली बसतात आणि ब्लॉकमध्ये अडकतात. पहिल्या लूपला पारदर्शकच घ्या, रंग हवाच असेल तर रंगीत ट्यूब घ्या. नुसतं डिस्टिल्ड वॉटर नको, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं अ‍ॅडिटिव्ह हवं. ट्यूब ईपीडीएम रबरची घेतलीत तर अजून बरं, पीव्हीसी कालांतराने धुरकट होते आणि तिच्यातला चिकटा पाण्यात उतरतो. साइज एकच धरा, १०/१६ ची ट्यूब (आतला व्यास १० मिमी, बाहेरचा १६) आणि १०/१३ चं फिटिंग हे लग्न जमत नाही. फिटिंगचे आटे मात्र सगळीकडे जी १/४ या एकाच मापाचे असतात.

लूपच्या सगळ्यात खालच्या बिंदूला टी (तीन तोंडांचा जोड) आणि पाणी काढायला बॉल व्हॉल्व्ह लावा. आज फालतू खर्च वाटेल, पण वर्षभराने पाणी बदलताना केस उलटी धरून उभे राहाल तेव्हा आठवेल. मी उभा होतो.

लीक टेस्ट करताना मदरबोर्ड, कार्ड कशालाही पॉवर नाही, फक्त पंप. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरला जंपर (मदरबोर्डशिवाय सप्लाय चालू करणारा छोटा जोड) लावून सप्लाय चालू करायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, आणि रात्रभर सोडायचं. टिश्यूवर थेंब पडला तर लगेच कळतो. पहिले काही तास पंप गुरगुरेल, ती हवा असते, केस डावी-उजवी कलती करत राहायचं.

आणि हो, ३०८० कुठल्या कंपनीचं, कुठलं मॉडेल? ब्लॉक कार्डाच्या बोर्डाप्रमाणे येतो, नुसतं ‘३०८० चा ब्लॉक’ मागवलात तर भोकं जुळणार नाहीत.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. जुना रेडिएटर भंगारात, विषय बंद. दुधाळ कूलंटवर पाणी सोडलं (श्लेष आपोआप झालाय). इको मोड काल रात्रीच लावून बघितला, सीपीयू १२ अंशांनी खाली आला, तेही त्याच कुरकुरणाऱ्या एआयओवर, त्यामुळे सीपीयूला ब्लॉक लावायचाच कशाला असाही एक किडा डोक्यात वळवळतोय पण तो मारला, कारण कुरकुर तर जायलाच हवी.

पुठ्ठा परत कापला, ४२ मिमीचा. आता रॅम आणि पुठ्ठ्यामध्ये एक जाड कार्डपेपर जेमतेम सरकतो. एवढी फट पुरेल का, की पंख्याच्या कंपनाने वाजेल? कार्डाचं मॉडेल डब्यावर नीट लिहिलेलं नाही, मागच्या स्टिकरवर असेल, शनिवारी कार्ड काढून बघतो आणि इथेच टाकतो.