घरगुती सिनेमाची हरवलेली दुकाने : काही अनुभव

घरी चित्रीकरण करण्याची आणि ते घरीच पडद्यावर दाखवण्याची सामग्री विकणारी दुकाने ज्यांनी पाहिली, त्यांना आपले अनुभव लिहिण्याची विनंती केली होती. कॅमेरे आणि प्रोजेक्टर यांची माहिती पुष्कळ मिळते; काउंटरपलीकडच्या माणसाला जे ठाऊक होते त्याची नोंद मात्र क्वचितच आढळते, म्हणून हे अनुभव एकत्र देत आहोत.

*

सुपर ८ या घरगुती चित्रीकरणाच्या अरुंद फिल्मचे कार्ट्रिज (फिल्म भरलेली बंद डबी) मागितले की आमचे दुकानदार आधी विचारत, ‘घरात काढणार की उन्हात?’ कोडाक्रोम ४० ही कोडॅक कंपनीची रंगीत फिल्म दिव्याच्या पिवळसर प्रकाशासाठी बनवलेली असल्यामुळे बाहेर चित्रीकरण करताना कॅमेऱ्यातला नारिंगी फिल्टर लेन्समागे आलेला असावा लागे, नाहीतर सगळे दृश्य निळे पडे. ते आमचा कॅमेरा हातात घेत, भिंगातून आत पाहत आणि फिल्टरची खटकी सरकवून दाखवत. कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म, म्हणजे सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ३ मिनिटे २० सेकंद. तेवढ्यात अख्खा समारंभ बसवायचा, तर बटण कुठे दाबायचे आणि हात कुठे आवरायचा, हेही तेच सांगत. रीळ धुऊन आले की पहिला खेळ दुकानाच्या मागच्या खोलीत होई. प्रकाश कुठे कमी पडला, कॅमेरा कुठे घाईने फिरला, हे ते आमच्याआधी ओळखत.

*

वडिलांनी प्रोजेक्टर घेतला तेव्हा मी बरोबर होते. १९३२ सालची मूळ ८ मिमी आणि १९६५ सालची सुपर ८ यांची रुंदी एकच, पण सुपर ८ ची कडेची छिद्रे लहान असल्याने चौकट जवळजवळ दीडपट मोठी; दुकानातल्या बाईंनी दोन्हींचे तुकडे उजेडासमोर धरून हे मला दाखवले. दात्यांचे चाक फिल्म अखंड ओढत असते आणि गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीत, मात्र ती एकेक चौकट थांबत सरकते, म्हणून गेटच्या वर आणि खाली सैल वळसा ठेवावा लागतो. तो नसला तर छिद्रे फाटतात. हाताला सवय होईपर्यंत त्यांनी हे माझ्याकडून करून घेतले आणि मगच खोके बांधून दिले. गिऱ्हाइकाला वस्तू वापरता येईल याची इतकी काळजी घेणारे दुकान मला पुढे भेटले नाही.

*

माझे लक्ष भिंतीवरच्या रंगीत खोक्यांकडे असे. मोठे चित्रपट काटछाट करून २०० फुटी रिळावर बसवलेले असत आणि दहा-बारा मिनिटांत कथा आटोपे. तरीही चित्रपट आपल्या मालकीचा असणे, ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती.

*

मी अशा दुकानात नोकरीला होतो, त्यामुळे शेवट जवळून पाहिला. १९७३ साली चुंबकीय ध्वनिपट्टी असलेली सुपर ८ आली, तेव्हा छंदाला बरकत येईल असे वाटले. पण १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये व्हीएचएस या घरगुती व्हिडिओ टेपच्या पद्धती आल्या, मागोमाग घरगुती व्हिडिओ कॅमेरे आले, आणि लगेच पाहता येणारी, पुसून पुन्हा वापरता येणारी टेप असताना रीळ धुवायला टाकून वाट पाहण्यास लोक तयार होईनात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातील ऑयमिग ही प्रोजेक्टर बनवणारी मोठी कंपनी बुडाली. आमच्या खणांत रबरी पट्टे, तुटलेली फिल्म जोडायच्या पट्ट्या आणि दिवे राहिले. कोणत्या यंत्राला कोणता दिवा लागतो, हे मालक मॉडेलचे नाव ऐकताच सांगत. ती माहिती कागदावर कधी उतरली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

कोडॅकची सुपर ८ फिल्म अजून मिळते; कोडाक्रोम धुण्याचे काम मात्र कॅन्ससमधील ड्वेन्स फोटो या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस स्वीकारणे थांबवले. ज्यांच्या घरी जुनी रिळे आहेत त्यांनी डबा उघडून आधी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म आकसू लागली आहे असे समजावे, ती प्रोजेक्टरवर मुळीच चढवू नये, इतर रिळांपासून वेगळी ठेवावी आणि लवकरात लवकर स्कॅन करून घ्यावी.