गरम झाल्यावर ऑईलचा लाल दिवा

चाळीसगाववाला: भाऊ, जुनी डिझेल जीप आहे, साडेतीन लाख किमी झाले, कन्नड घाट चढून वर थांबलो की आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) ऑईल प्रेशरचा दिवा लुकलुकतो, रेस दिली की विझतो. गॅरेजवाला म्हणे इंजिन खोला. खोलावंच लागंल का?

धुळेकर: ऑईलची लेव्हल बघितली का आधी? पंप फक्त ऑईल ढकलतो, प्रेशर येतं ते बेअरिंगच्या बारीक फटीत ऑईल अडतं म्हणून. फटी झिजून वाढल्या, वरून घाटात ऑईल तापून पातळ, अन् आयडलला पंपही हळू, मग दिवा लागणारच.

जळगावचा भाचा: दिव्याचा प्रेशर सेन्सरच खराब असतो बऱ्याचदा!! तो काढून तिथं प्रेशरचा मीटर लाव, गरम इंजिनवर मोज. 1000 आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) किमान 10 पीएसआय प्रेशर हा जुना ठोकताळा.

धुळेकर: हो, अन् नुसतं जाड ऑईल टाकून दिवा विझवू नको, झीज तशीच राहते. चेंबर (इंजिनखालची ऑईलची टाकी) काढून पंपाची जाळी बघ, गाळानं बुजली असंल तरी असंच होतं.