मदत हवी आहे : जुन्या पिलरपासून सगळं एक मीटर सरकतंय, डीजीपीएस खराब आहे का?

उमरेड_रोड (काल, रात्री ९:४०)
अर्जंट. उमरेड रोडला लेआउटचं काम आहे. साइटवर जुने कंट्रोल पिलर (आधीच जागा मोजून ठेवलेले खांब) आहेत, त्यांची यादी पार्टीने दिली. आज चेक केले तर प्रत्येक पिलर मीटरभर चुकून राहिला. डब्ल्यूजीएस८४ (पृथ्वीवरची जागा सांगायची चौकट), यूटीएम (तीच जागा मीटरमध्ये मांडायची पद्धत), सगळं बरोबर टाकलं आहे. डीजीपीएस यंत्र (उपग्रहांवरून जागा मोजणारं) भाड्याचं. भाड्याने देणारा म्हणतो यंत्र ठीक, पार्टी म्हणते यादी ठीक. परवा सकाळी जेसीबी येणार. कोणती सेटिंग बदलू? फक्त सेटिंग सांगा, लेक्चर नको.

संत्रा_बर्फी (९:५२)
यूटीएमचा झोन (पट्टा) पहा. ४३ राहिला असेल. ७८ रेखांशाच्या अलीकडे अमरावती ४३ मध्ये, पलीकडे वर्धा-नागपूर ४४ मध्ये. माझंही एकदा असंच झालं होतं.

तिपाई (९:५८)
झोन चुकला तर ईस्टिंग (पूर्वेचा आकडा) सहाशे किलोमीटरने उडेल हो. एक मीटरने नाही.

साखळी_नि_शंकू (१०:०५)
यादी जुनी म्हणता ना, मग एव्हरेस्ट लंबगोल (पृथ्वीचा पूर्वी मानलेला आकार) असणार. आपले जुने टोपोशीट एव्हरेस्ट १८३० वर, मूळ बिंदू कल्याणपूर. त्या लंबगोलाची विषुववृत्तीय त्रिज्या डब्ल्यूजीएस८४ पेक्षा आठशे मीटरहून कमी आहे. २००५ च्या नकाशा धोरणानंतर खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस८४ वर आले, पण लोकांच्या कपाटात अजून जुनंच आहे.

तिपाई (१०:११)
साखळीभाऊ, माहिती पक्की, पण इथे लागू नाही. एव्हरेस्टची गडबड असती तर फरक शंभर मीटरच्या वर गेला असता. @उमरेड_रोड, चार गोष्टी सांगा. बेसला (एका जागी ठेवलेलं यंत्र, ज्यावरून बाकी सगळं मोजतो) कोऑर्डिनेट कुठून दिले? फरक कोणत्या दिशेला? सगळ्या पिलरना सारखाच का? पिलर ते पिलर अंतर यादीशी जुळतं का?

उमरेड_रोड (१०:१४)
बेसला बरोबर कोऑर्डिनेट दिले आहेत. दिशा पाहिली नाही.

तिपाई (१०:१५)
बरोबर म्हणजे कुठून आणले?

धुरा_प्रेमी (१०:२०)
तातडीची मोजणी टाका. हद्दीचे दगड सापडले की वादच मिटतो. आमच्या कुहीच्या वावरात दोन भाऊ अकरा वर्षं भांडत होते, धुरा चार फूट सरकवला होता.

उमरेड_रोड (१०:२३)
दादा, धुऱ्याचा वाद नाहीये.

झीरो_माइल (१०:३१)
उंचीचंही पाहून घ्या. डीजीपीएस उंची देतो ती लंबगोलापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नाही. आपल्याकडे दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. नागपूरच्या झीरो माइलच्या खांबावर १०२०.१७१ फूट कोरलं आहे, ते समुद्रसपाटीपासून. १९०७ चा बेंचमार्क आहे तो. लोक देशाचा मध्य समजून फोटो काढतात ते वेगळं.

ठोक_कंत्राट (१०:३८)
एवढं काहून डोकं लावता? ऑटोकॅडमध्ये मूव्ह कमांड मारा, ड्रॉइंग मीटरभर सरकवा, मोकळे व्हा.

हवेत_बेस (१०:४४)
बेस 'हिअर' दाबून लावला असेल, दुसरं काही नाही. यंत्र स्वतःच अंदाजे जागा ठरवतं, एक-दोन मीटर इकडे तिकडे होतंच. कॉर्सला (कायम चालू असलेल्या बेस-केंद्रांचं जाळं) जोडा, बेस लावायचीच गरज नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचं जाळं आहे, महाराष्ट्र तर पहिल्या राज्यांमध्ये होता. मी दोन वर्षांत तिपाई उचलली नाही.

तिपाई (१०:४७)
माझ्या नावावर जाऊ नका :) कॉर्स चांगलंच, पण पिलरची यादी वेगळ्या चौकटीत असेल तर कॉर्सनेही फरक राहील.

उमरेड_रोड (११:२६)
आता बसून काढलं. पी१, पी२, पी३. नवे आकडे पूर्वेला ०.८१ ते ०.८३ ने जास्त, उत्तरेला ०.७० ते ०.७२ ने जास्त. आपसातलं अंतर एक-दोन सेंटिमीटरमध्ये जुळतं. पी४ शेजारच्या पऱ्हाटीत आहे, अंधार झाला म्हणून गेलो नाही. 'हिअर' नाही दाबलं. बेस सहा तास स्टॅटिक (एका जागी स्थिर) ठेवला, रिनेक्स फाइल (यंत्राच्या कच्च्या नोंदी) कॅनडाच्या पीपीपी साइटवर (नोंदींवरून अचूक जागा काढून देणारी) टाकली, मेलवर आले ते कोऑर्डिनेट दिले.

तिपाई (११:३३)
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. आता यादीचं शेवटचं पान उघडा. खाली बारीक अक्षरात 'इपॉक' असं काही आहे का?

उमरेड_रोड (११:४१)
आहे. 'आयटीआरएफ२००८, इपॉक २००५.०'. मला वाटलं सॉफ्टवेअरचं व्हर्जन असेल.

तिपाई (११:५८)
सापडलं. लेक्चर नको म्हणालात, पण इथे सेटिंग नाहीच, लेक्चरच आहे.

यंत्र ठीक, यादी ठीक, तुम्हीही ठीक. भारताची प्लेट (भूपट्ट) ईशान्येकडे वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर सरकते. इपॉक म्हणजे आकडे कोणत्या तारखेचे ते. तुमचे पिलर २००५ च्या सुरुवातीला जिथे होते तिथले आकडे यादीत आहेत. पीपीपीने बेस जिथे मोजला ती जागा आजची. वीस-एकवीस वर्षं गुणिले पाच, म्हणजे मीटरच्या थोडं वर. तुमच्या ०.८२ आणि ०.७१ चा कर्ण काढा, १.०८ येतो. दिशाही ईशान्य. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये तुमचा नि समोरच्याचा बर्थ यांतलं अंतर गोंदियापर्यंत तेवढंच राहतं, फक्त बाहेरचे खांब मागे जातात. म्हणून पिलर आपसात जुळतात.

नुसतं 'डब्ल्यूजीएस८४' लिहून भागत नाही. १९९४ पासून ती चौकट अनेकदा नव्याने बांधली गेली आणि आता आयटीआरएफशी (तुमच्या यादीतली जागतिक चौकट) सेंटिमीटरभरात जुळते. म्हणजे चौकट कोणती याइतकंच तारीख कोणती हे लागतं. ऑस्ट्रेलियाने यासाठीच १९९४ ची चौकट सोडून २०२० ची घेतली, तिकडे आकडे १.८ मीटरने बदलले.

काम असं करा. बेस पी१ वर लावा, यादीतलेच आकडे द्या, बाकीच्या पिलरवर चेक करा. पीपीपीचे आकडेच वापरायचे असतील तर प्लेटच्या वेगाने २००५.० वर मागे आणावे लागतील. या कामाला त्याची गरज नाही.

ठोक_कंत्राट (रात्री १२:०६)
म्हणजे मूव्हच की! मी काय वेगळं बोललो?

तिपाई (१२:१०)
तुम्ही कारण न कळता ड्रॉइंग हलवायला सांगितलं. उद्या दुसरा माणूस नवा बेस लावेल तेव्हा त्याला कोण सांगणार, कोणी किती सरकवलं? हलवायचे तर बेसचे आकडे, तेही लिहून ठेवून.

धुरा_प्रेमी (१२:१४)
जमीन सरकते तर सातबारा पण सरकतो का? आमच्या भावकीला सांगू नका, नवीन केस टाकतील.

साखळी_नि_शंकू (१२:२२)
१८०२ मध्ये मद्रासहून मोजणीचे त्रिकोण जोडत निघालेला इंग्रज सर्व्हेअर लॅम्बटन नागपूरला येताना १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. थडगं तिथेच आहे. कबरही तेव्हापासून सरकली म्हणायची, दहा मीटर.

उमरेड_रोड (आज, दुपारी १:१५)
पी१ वर बेस लावला. पी२ आणि पी३ दोन सेंटिमीटरच्या आत. पी४ मात्र १४ सेंटिमीटर चुकतो. आता हे काय? परत इपॉक?

तिपाई (१:२०)
इपॉक एकट्या पिलरला धरत नाही. पिलर पाहिला का नीट?

उमरेड_रोड (१:४४)
पाहिला. एका कोपऱ्याचा सिमेंटचा टवका उडाला आहे, आणि थोडा कलला आहे. शेतमालक म्हणतो वखराचा ट्रॅक्टर लागला होता, 'पण लय हळू'. पार्टीला यादीवर काय लिहून देऊ?

तिपाई (१:५०)
'आयटीआरएफ२००८, इपॉक २००५.०, यूटीएम ४४ उत्तर, पी१ आधार, पी२-पी३ वर तपासणी, पी४ वापरू नये.' मोठ्या अक्षरात लिहा, पहिल्या पानावर.

हवेत_बेस (२:०५)
यंत्र दिवसाला काय भावाने घेतलं? व्यनि करा.