इंग्लंडमधल्या खेड्यातली मेथडिस्ट मंडळी: इतिहास कुठून सुरू धरायचा?

उदगीरकर:
सर्वांना सलाम. मंडळीच्या वार्षिक अंकासाठी इंग्लंडमधल्या एका लहान मेथडिस्ट (जॉन वेस्ली यांच्या चळवळीतून निघालेला प्रोटेस्टंट पंथ) मंडळीवर लेख करायचाय. गाव एवढंसं, तरी तिथे मेथडिस्ट चॅपेलं (प्रार्थनाघरं) दोन. असं का? दर्शनी दगडावरचं साल हेच मंडळीच्या स्थापनेचं धरू का? आणि गावाच्या नावाने बाप्तिस्म्याची वही का सापडत नाही?

जालनेकर:
दादा, दगडावरचं साल इमारतीचं. मंडळी त्याआधी कुणाच्या तरी घरात नाहीतर धान्याच्या कोठारात जमत असणार. १६८९च्या कायद्याने अँग्लिकन चर्चबाहेरच्या (अँग्लिकन म्हणजे इंग्लंडचं अधिकृत चर्च) अशा उपासनेच्या जागेची नोंद बिशपकडे, आर्चडीकनकडे (बिशपच्या हाताखालचा अधिकारी) किंवा जिल्ह्याच्या न्यायसभेत करावी लागे. १८५२पासून ती रजिस्ट्रार जनरलकडे (जन्म-मृत्यू नोंदणीचा सरकारी प्रमुख) गेली. त्या दाखल्यात पुष्कळदा घरमालकाचं नाव असतं. खरी सुरुवात शोधायची ती तिथे.

दोन चॅपेलांचं कारण बहुधा फूट. १८०७ साली मो कॉप टेकडीवर दिवसभराची उघड्यावरची प्रार्थनासभा भरली, ती वेस्लियन, म्हणजे मूळ मेथडिस्ट शाखेच्या, पुढाऱ्यांना रुचली नाही. अशा सभा भरवणाऱ्यांपैकी ह्यू बोर्न यांना १८०८ला बाहेर काढलं, विल्यम क्लोज यांना १८१०ला. त्यांचे लोक म्हणजे प्रिमिटिव्ह मेथडिस्ट. १९३२ला बहुतेक मेथडिस्ट शाखा एक झाल्या, पण इमारतींचे विश्वस्त वेगवेगळे, म्हणून कित्येक गावांत दोन्ही दारं पुढेही उघडी राहिली.

गोदाकाठ:
वही गावाची नसते, सर्किटची (एकाच पाळकवर्गाखालच्या आसपासच्या मंडळ्यांचा गट) असते. अनेक गावांच्या नोंदी एकाच वहीत, म्हणून आधी सर्किटचं नाव काढा. १८३७च्या आधीच्या बऱ्याच वह्या सरकारने मागवून घेतल्या. त्या लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'आरजी ४' या मालिकेत आहेत. पुढच्या सहसा काउंटीच्या अभिलेखागारात. लग्नं मात्र तिथे शोधू नका. १७५४ ते १८३७ क्वेकर (एक वेगळा ख्रिस्ती पंथ) आणि यहुदी सोडून सगळ्यांना ती अँग्लिकन चर्चमध्येच लावावी लागत.

सर्किटचा 'प्लॅन', म्हणजे कोणी कधी कुठे उपदेश करायचा याचं वेळापत्रक, मिळाला तर सोडू नका. एकच मोठा छापील कागद: डावीकडे गावं, वर रविवारच्या तारखा, चौकटीत उपदेशकाचा क्रमांक. क्रमांकांपुढची नावं बाजूच्या यादीत. आकड्याशेजारी एखादं अक्षर दिसेल, प्रभुभोजन, वर्गणी किंवा प्रीतिभोजनाची (एकत्र खाऊन अनुभव सांगायची सभा) खूण म्हणून. अर्थ कागदावरच छापलेला असतो. तो सर्किटगणिक बदलतो, अंदाजाने लावू नका. त्यावरून कळतं की पगारी पाळक खेड्यात क्वचितच येई आणि बहुतेक रविवार शेतकरी, चांभार, सुतार असे बिनपगारी स्थानिक उपदेशक सांभाळत.

नांदेडची ताई:
३० मार्च १८५१ला सरकारने उपासनेला आलेल्यांची गणना केली, त्या उपासना-गणनेचे आकडे जपून वापरा. सकाळ, दुपार, संध्याकाळ वेगळी मोजलीय; तिन्हींची बेरीज म्हणजे माणसं नव्हेत, एकच माणूस दोनदा येई. कित्येक वेस्लियन तर सकाळी अँग्लिकन चर्चला आणि संध्याकाळी चॅपेलला जात. रविवारशाळेची मुलंही निराळ्या रकान्यात आहेत. शिवाय मेथडिस्ट मंडळीचे 'सभासद' म्हणजे सभासदत्वाचं तिमाही तिकीट मिळालेले तेवढेच. ऐकायला येणारे कितीतरी जास्त. लेखात दोन्ही आकडे वेगळे द्या.