पहिली किमो झाली. पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवतात ती नळीची डबी) बसवून घ्यावा का? आणि पुढचे दिवस कसे काढायचे?

नमस्कार. वय ४७, डाव्या बाजूचा स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. परवा पुण्यात पहिली किमो झाली. एसी म्हणतात ती (दोन औषधं, त्यातलं एक लाल), दर २१ दिवसांनी अशी चार वेळा. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, १२ वेळा. आम्ही दापोलीचे, सध्या नणंदेकडे मुक्काम आहे. प्रश्न खाली आहेत, पण तो दिवस कसा गेला हे आधी लिहिते, कारण मला असं लिहिलेलं कुठे वाचायला मिळालं नाही.

सकाळी रक्त दिलं आणि रिपोर्टची वाट बघत बसलो. उंची-वजन पुन्हा घेतलं, डोस त्यावरून ठरतो. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधीच झाला होता. लाल औषध हृदयाला जड जाऊ शकतं, त्यामुळे तो लागतोच. खरा वैताग शिरेचा. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डावा हात सुईला आणि बीपीला दोन्हीला बंद. उजव्या हातावर सिस्टरने टिचक्या मारल्या, गरम पाण्याची पिशवी ठेवली, मूठ आवळ-सोड करायला लावली, तरी शीर वर येईना. शेवटी मनगटाच्या वर एक सापडली.

मग उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शनं. त्यातलं डेक्सा (स्टिरॉइड) जरा भरकन गेलं आणि अवघड जागी एकदम मुंग्या चावल्यासारखं झालं. मी दचकून उठूनच बसले. सिस्टर हसली. "होतं ताई असं. बायका सांगायला लाजतात. मिनिटभरात जाईल." गेलंही. पण कुणी आधी बोललं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लाल औषध सलाईनच्या बाटलीतून येईल असं मला वाटत होतं. तसं नाही. सिस्टर गाऊन आणि हातमोजे घालून शेजारी स्टुलावर बसली आणि मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडत राहिली. मध्येच थांबायची, दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय ना ते बघायची, पुन्हा सोडायची. शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस-कातडी जळते. "जळजळतंय का? दुखतंय का?" एवढंच विचारत होती. दुसरं औषध ड्रिपने. त्यात कपाळ आणि नाक चोंदल्यासारखं झालं, वेग कमी केल्यावर थांबलं. संध्याकाळी लघवी लाल झाली. होणार हे माहीत होतं, तरी पोटात गोळा आलाच.

बाकी त्या दिवशी काही नाही. घरी येऊन वरणभात जेवले. सगळी भीती त्या खुर्चीची घेतली होती, त्रास सुरू झाला तो आज. मळमळ, फोडणीचा वास सोसवत नाही, आणि रात्रभर टक्क जागी.

तर विचारायचं असं. पोर्टचा निर्णय डॉक्टरांनी आमच्यावर सोडलाय. एकच हात उरलाय आणि अजून एवढ्या सुया, म्हणून मला हवासा वाटतो. हे म्हणतात आत्ताच एक ऑपरेशन झालंय, पुन्हा चिरफाड कशाला? ज्यांनी बसवला त्यांनी सांगा. दुसरं, पुढच्या आठवड्यात दापोलीला जायचंय. ताम्हिणीतून पाच तास. तिथे ताप आला तर काय करायचं? आणि सासूबाई रोज गुळवेलीचा काढा द्या म्हणून फोन करतायत. त्यांना दुखवायचं नाही, पण प्यावा का?

---

प्रतिसाद : ताई, पोर्ट घ्या. मी चार एसी हातातून घेतल्या, शीर दोरीसारखी कडक झाली, मग पॅक्लिटॅक्सेलच्या आधी बसवला. आधीच घ्यायला हवा होता. माझा उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत होता, जागा बधिर करून बसवला, त्याच दिवशी घरी. जखम भरल्यावर आंघोळीला काही अडचण नाही. उपचार नसतील तेव्हा अधूनमधून फ्लश करायला, म्हणजे नळी तुंबू नये म्हणून धुवून घ्यायला, जावं लागतं, आणि तिथे लाली, सूज किंवा थंडी वाजून ताप आला तर लगेच दाखवायचं. सरकारी योजनेतून उपचार चालू असतील तर पोर्ट त्यात बसतो का ते हॉस्पिटलातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. तुमच्या अहोंना सांगा, चिरा बोटभरही नसतो.

प्रतिसाद : मी किमोच्या डे-केअरमध्येच सिस्टर आहे. तापाचं नीट ऐका. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की रात्रीचे दोन असले तरी हॉस्पिटल. क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, ताप झाकला जातो आणि आतला जंतुसंसर्ग वाढत राहतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. तुम्ही नेमक्या तेव्हाच दापोलीला निघालाय. जमलं तर हे दिवस नणंदेकडेच काढा. जायचंच असेल तर औषधांची नावं आणि तारीख असलेली चिठ्ठी घ्या, आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून शिरेतून अँटिबायोटिक लगेच चालू करेल असं हॉस्पिटल दापोलीत आजच विचारून ठेवा.
काढा नको. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी बंदी घातलीय. वाईटपणा आमच्याकडे येऊ दे, सवय आहे. डेक्साच्या गोळ्या सकाळी घेतल्या तर चालतील का ते विचारा, झोपेचा प्रश्न बराचसा त्यांचाच असतो. उलटीच्या गोळ्या मळमळ वाढायची वाट न बघता वेळच्या वेळी. पाणी भरपूर, लघवी तुंबवायची नाही.

धागाकर्ती : दोघींचे आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला. दापोली पुढे ढकलली, पोर्टचं उद्या फोन करून विचारते. आता एकच, पाणी अजिबात जात नाही, तोंडाला लोखंडासारखी चव आहे. कोकम सरबत चालेल का?

प्रतिसाद : उकळून गार केलेल्या पाण्यात घरी केलेलं चालेल. तोंड आलं की मात्र बंद, आंबट झोंबेल. मग ताक.