मदत हवी: कंट्रोलच्या माशांतही व्हिटेलोजेनिन वर! (तातडीचं)

गोदाकाठची:
चौथ्यांदा क्यूपीसीआर (जीन किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) लावला, तेच. झेब्राफिशना २१ दिवस नदीचं पाणी दिलं, व्हीटीजी-१ (व्हिटेलोजेनिनचं, म्हणजे अंड्यातल्या बलकाच्या प्रथिनाचं जीन; नरात ते मादीच्या इस्ट्रोजेन हार्मोनसारखं काही मिळालं तरच चढतं) भरपूर वर आलं. पण कंट्रोलचंही (नदीचं पाणी न दिलेल्यांचं) तेवढंच! सीटी (आकडा जितका कमी, तितकं व्हीटीजी जास्त) १९-२०. प्रायमर (चाचणीला लागणारे डीएनएचे तुकडे) नवे मागवून झाले. गाइड म्हणतात, सरळ आरएनए सिक्वेन्सिंगला पाठव. सोमवारी प्रेझेंटेशन आहे. काय चुकतंय?

चिवडा_मिसळ:
अहो, नदीचं म्हणजे कुठलं? गंगापूर धरणाखालचं की तपोवनाच्या पुढचं? मासे नर की मादी? अवयव कुठला? कंट्रोलला काय दिलंत?

गोदाकाठची:
नरच की, अर्थात. लिव्हर. पाणी दसकचं (नाशिकला, तपोवनाच्या पुढे). कंट्रोलला फिल्टरचं, २० लिटरच्या निळ्या जारमधलं.

जुना_केमिस्ट:
सापडलं! तो जार पॉलिकार्बोनेटचा असणार, म्हणजे बिस्फेनॉल-ए (बीपीए). ते इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९३६ सालीच दाखवलंय. काचेच्या बाटल्या घ्या.

थ्रेशोल्ड:
केमिस्टकाका, जारमधून सुटतं ते लिटरमागे फार तर मायक्रोग्रॅमच्या घरात. नराच्या लिव्हरमध्ये एवढं व्हीटीजी चढायला त्याच्या कितीतरी पट लागेल. खाद्य बघा, सोयापेंड असेल तर त्यातलं जेनिस्टीनही इस्ट्रोजेनसारखंच.

जुना_केमिस्ट:
युरोपने २०२३ साली बीपीएची रोजची मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली, ती उगाच?

थ्रेशोल्ड:
ती माणसांसाठी, आणि प्रतिकारशक्तीवरच्या परिणामावरून. इथे काय संबंध?

पिंपळगावकर:
आम्ही द्राक्षाला जीए (जिबरेलिक आम्ल) मारतो, तेही हार्मोनच ना? नदीत तेच उतरत असेल.

थ्रेशोल्ड:
दादा, जिबरेलिक आम्ल झाडाचं हार्मोन. इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला (पेशीत ते ज्या प्रथिनाला चिकटतं त्याला) ते बसत नाही. तुमची टेब्युकोनॅझोलसारखी बुरशीनाशकं विचारात घ्या, पण ती अरोमॅटेज (इस्ट्रोजेन तयार करणारं एन्झाइम) अडवतात. इस्ट्रोजेनच कमी होतं, म्हणजे व्हीटीजी खाली यायला हवं.

आईची_धावपळ:
अवांतर: लेकीच्या डब्यावर बीपीए-फ्री लिहिलंय. चालेल ना?

चिवडा_मिसळ:
ताई, स्टीलचा घ्या. विषय संपला.
गोदाकाठची, एका ट्यूबमध्ये किती मासे? सगळ्या कंट्रोल ट्यूब १९-२०?

गोदाकाठची:
पाच-पाच लिव्हर एकत्र, इवलीशी असतात हो. चार ट्यूब होत्या. एक ३१ आली, खराब म्हणून काढून टाकली.

चिवडा_मिसळ:
अगं बाई! तीच खरी असणार. खाद्य आणि जार चारही ट्यूबना एकच होतं ना? मग फरक माशांत आहे. नर कुणी निवडले?

गोदाकाठची:
मासेवाल्याने. सडपातळ, पिवळसर बघून.

चिवडा_मिसळ:
मादीच्या लिव्हरमध्ये व्हीटीजी हजारो पटींनी जास्त. पाचांत एक शिरली तरी अख्खी ट्यूब गेली. नदीचंही नदीमुळेच वर आलं, हे मग कशावरून? गोनॅड (अंडाशय किंवा वृषण) जपून ठेवलेत का?

गोदाकाठची:
फॉर्मॅलिनमध्ये आहेत, ट्यूबवार.

चिवडा_मिसळ:
मायक्रोस्कोपखाली बघा. सिक्वेन्सिंगचे पैसे तोवर थांबवा.

गोदाकाठची:
बघितलं. कंट्रोलच्या तिन्ही ट्यूबच्या माशांत अंडाशय. नदीच्याही दोन ट्यूबमध्ये. ३१ वाली स्वच्छ. सोमवारी काय दाखवू आता?

जुना_केमिस्ट:
तरी जार बदलाच.